सात नंबरच्या दाराचा हिरवा दिवा

१

दसऱ्याच्या सकाळी यशराजने सात नंबरच्या चेंबरचं दार उघडलं आणि दाराला पाठ लावून बसलेला हमाल ज्ञानू बाहेरच्या फरशीवर कलंडला. ओठ निळसर पडले होते. डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कशाकडेच बघत नव्हते.

पूजेसाठी लवकर आलेली माणसं जागच्या जागी थिजली. मग एकच धावपळ उडाली. कोणी छाती चोळली, कोणी टेम्पो काढला. ज्ञानूला टेम्पोत घातलं तेव्हा ऑफिसात कंप्युटर सांभाळणाऱ्या क्षिप्राने त्याचे पाय उचलले होते. ते इतके गार होते की तिच्या हातांना तो गारवा दुपारपर्यंत जाणवत राहिला. टेम्पोबरोबर सगळे फाटकापर्यंत धावले. मागे राहिला तो फक्त यशराज. "आतली हवा बाहेर काढतो," असं तो म्हणाला होता.

द्रोणागिरीतली ही वखार हौसेरावांची. चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याकडून वाशीच्या बाजारात आलेला हा माणूस आता केळी पिकवायची बारा चेंबरं चालवत होता. चेंबर म्हणजे जाड पत्र्याची, हवाबंद, गार खोली. आत कच्ची केळी ठेवायची, पिकवायचा वायू सोडायचा आणि दार बंद करायचं. केळीही श्वास घेतात. बंद खोलीत ती प्राणवायू ओढून घेतात आणि माणसाला गुदमरवणारा वायू बाहेर टाकतात. पंखा अधूनमधून आपोआप सुरू होऊन तो वायू बाहेर काढतो, म्हणून ज्ञानू वाचला. आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या दुपारी, पूजा आटोपल्यावर तो पुन्हा आत गेला होता, नैवेद्यासाठी पिकलेली फणी आणायला. दार मागे लागलं ते लागलंच. पत्र्याच्या भिंतीतून मोबाइल लागत नाही. आणि हत्यारं पुजल्यावर दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा वखारीचा रिवाज. त्यामुळे त्या बाजूला कोणी फिरकलंच नाही, आणि घरच्यांना वाटलं, तो वखारीतच झोपला असेल.

पोलीस येऊन बघून गेले. कुलपात बिघाड नव्हता. आतून दार उघडायचा सेन्सर चालू होता. यशराजने सगळ्यांसमोर हात दाखवून दार उघडूनही दाखवलं.

"मग काल का नाही उघडलं?" हौसेरावांनी विचारलं.

यशराजने क्षिप्राकडे बघितलं. तो हौसेरावांचा पुतण्या, वखारीचा मॅनेजर. "काका, कुलूप चांगलं असताना अडकतं, म्हणजे ते कोणीतरी अडकवलेलं असतं. आणि आपल्या कुलपांशी खेळणारं सॉफ्टवेअर कोणी लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे."

दुपारी क्षिप्रा ऑफिसच्या काचेच्या केबिनमध्ये बसली होती. फोन काढून घेतला होता. लॅपटॉप यशराजच्या कपाटात गेला होता. फाटकाला कुलूप होतं. समोर एक टाइप केलेला कागद आणि त्यावर पेन ठेवलेलं होतं. 'माझ्या टकटक या सॉफ्टवेअरच्या वापरामुळे सात नंबरचं कुलूप निकामी झालं. ते सॉफ्टवेअर मी कायमचं नष्ट करत आहे आणि नोकरीचा राजीनामा देत आहे.'

"सही केलीस तर आम्ही तक्रार करणार नाही," यशराज म्हणाला होता. "नाहीतर संध्याकाळी पोलीस परत येतील तेव्हा ती तुझ्या नावाने जाईल. विचार कर. टेन्शन घेऊ नकोस."

काचेपलीकडून जाणारा प्रत्येक माणूस तिच्याकडे बघत होता आणि लगेच मान वळवत होता.

२

केबिनचं दार उघडून एक बारकी, पांढऱ्या केसांची बाई आत आली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सुनीती मॅडम आता विमा कंपनीसाठी अपघातांची तपासणी करत. खांदेश्वरला राहायच्या, म्हणून सणाच्या दिवशीही दोन तासांत येऊन पोचल्या होत्या.

"सही केलीस?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"अजून नाही."

"का?"

"ते खरं आहे की नाही, मला माहीत नाही."

मॅडमनी खुर्ची ओढली. "खोटं आहे, असं का म्हणत नाहीस?"

क्षिप्राने काचेबाहेर बघितलं. इथेच ती सकाळपासून अडकली होती. तिचं टकटक एवढंच करायचं: दाराच्या कार्डाची नक्कल करायची आणि दार त्या नकलेला फसतं का ते बघायचं. वखारीची सगळी दारं फसली होती. ते तिने हौसेरावांना दाखवलं, मग टकटक इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलं, म्हणजे आपापली दारं कोणालाही तपासता येतील. महिन्याभराने एका अनोळखी मुलाचा निरोप आला: 'थँक्स ताई, हॉस्टेलचं गेट उघडलं.' खाली हसरा चेहरा. तिने उत्तर दिलं नव्हतं, पण तो चेहरा विसरताही आला नव्हता.

"टकटक दार उघडतं, बंद नाही करत," ती म्हणाली. "पण कोणी त्यात भर घालून कुलूप अडकवायचं साधन केलंच नसेल, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, मॅडम. ते कोणाकोणाकडे गेलंय ते मला कळायचा मार्ग नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "चला, आता बाकीच्यांचं ऐकू. तू इथेच बस. तुझ्यादेखत बोलू देत."

यशराज आला तो उभ्यानेच बोलला. दसऱ्याचा नवा पांढरा कुर्ता, उजव्या बाहीच्या टोकाला तांबूस डाग. मॅडमची नजर डागावर गेलेली बघून त्याने हात पुढे केला.

"रक्त आहे. ज्ञानूचं. बिचाऱ्याने दारावर हात आपटून आपटून सोलून घेतले असणार. मीच ओढून काढला ना त्याला."

"काल पूजेला तुम्ही होतात?"

"छे. काल मी करंजाड्याला, घरी. आज सकाळी आलो तो हा प्रकार."

"आणि तुमची खात्री आहे की हे सॉफ्टवेअरमुळे झालं."

"मॅडम, दुसरं काय असणार? हिने स्वतःच केलं असं मी म्हणत नाही. पण हिने ते बाजारात सोडलं. आमच्या कामगारांतल्या एखाद्या पोराने मस्करीत वापरलं असेल. असल्या टूलवर बंदीच पाहिजे. आम्ही सगळे वखारवाले मिळून तसं लिहून देणार आहोत."

त्याच्या मागोमाग केयूर आला. तो कुलपाच्या कंपनीचा माणूस. बोलायला मऊ, हातात टॅब्लेट.

"आता चाकूचं उदाहरण देऊ नका हं, मॅडम," बसता बसता तो म्हणाला. "चाकूने भाजीही चिरतात वगैरे. मी रोज ऐकतो. चाकू एका हातात असतो. हे एका मुलीने रात्री बसून लिहिलं की सकाळी लाख खिशांत. यांचा हेतू चांगला आहे, मान्य. पण लाख लोकांच्या हेतूची हमी या देणार का?"

तो काही चुकीचं बोलत नव्हता, हे क्षिप्राला कळत होतं. तिने दुसरंच विचारलं. "दारं फसतायत, असं मी तुम्हाला जूनमध्ये लिहिलं होतं. काय केलंत?"

"आम्ही त्याची दखल घेतली."

"म्हणजे?"

"पुढच्या मॉडेलमध्ये सुधारणा होईल."

"आणि इथली बारा दारं?"

"ती विकून झालीत," केयूर म्हणाला आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन टॅब्लेटकडे बघू लागला.

तेवढ्यात हौसेराव फोन कानाला लावूनच आत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दवाखान्यातनं हाय," ते म्हणाले. "ज्ञानू शुद्धीवर आलाय. बोलतोय."

३

हौसेरावांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. पलीकडे ज्ञानूची बायको बाळाबाई होती. तिच्या आवाजामागे कसलं तरी यंत्र एका लयीत वाजत होतं.

"त्यांस्नी बोलाय येत न्हाई नीट," बाळाबाई म्हणाली. "नळी हाय नाकात. त्ये सांगत्यात त्ये मी सांगतीया."

"बाळाबाई, दार लागल्यावर त्यांनी काय केलं?" मॅडमनी विचारलं.

कुजबुज झाली. "हात धरला म्हनत्यात त्या डब्यापुढं. रोज धरत्यात तसा. हलवला. थापट्या मारल्या. पर दार उघडंना."

"डब्याचा दिवा कोणत्या रंगाचा होता?"

ही कुजबुज जरा लांबली. "हिरवा. रातभर हिरवाच व्हता म्हनत्यात. त्येवढाच उजेड आत."

यशराजने टेबलावर बोट आपटलं. "ऐकलंत? हिरवा म्हणजे दार सुटलं. दिवा सुटलं म्हणतोय आणि दार बंद. यंत्राची अक्कल कोणीतरी बाहेरून फिरवलेली आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?"

केयूर काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. क्षिप्राने ते बघितलं.

"आन आजून येक," बाळाबाईचा आवाज आला. "त्ये सारखं म्हनत्यात, त्या कंप्युटरवाल्या पोरीला इचारा. तिलाच इचारा. तिला समदं ठावं हाय."

मग यशराजने तो टाइप केलेला कागद क्षिप्रापुढे अलगद सरकवला.

हौसेराव तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता, ते जास्त लागलं. "पोरी," ते म्हणाले, "ज्ञानू माझ्या गावचा हाय. त्यो खोटं बोलायचा न्हाई."

क्षिप्राने पेन हातात घेतलं. आपण करू नये ते करतोय हे तिला कळत होतं. पण अशी नजर सोसण्यापेक्षा सही सोपी होती.

मॅडमनी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि खिडकीशी जाऊन बाळाबाईला हळू आवाजात काहीतरी विचारलं. जवळ बसलेल्या क्षिप्राला शेवटचं तेवढं ऐकू आलं: "हातांना काही नाही? सोललेले नाहीत? बरं. काळजी घ्या."

मग त्या वळल्या. "पेन ठेव खाली," त्या क्षिप्राला म्हणाल्या. "ज्ञानूने म्हटलंय तुला विचारा. मला तेच करायचंय. तुझी दारं दाखव मला."

४

वखारीच्या लांबलचक बोळातून दोघी चालल्या. दोन्ही बाजूंना चेंबरांची पांढरी दारं होती. बोळाच्या टोकाकडच्या दिव्यांत काहीतरी बिघडलं असावं. पुढे पुढे उजेड कमी होत गेला. क्षिप्राला वाटलं, आपण आत आत चाललोय आणि परत यायची वाट मागून कोणीतरी बंद करतंय.

"दार कसं चालतं ते मला लहान मुलीला सांगतात तसं सांग," मॅडम म्हणाल्या.

"दार चुंबकाने धरून ठेवलेलं असतं. बाहेरून कार्ड लावलं की चुंबक सुटतो. आतून कार्ड लागत नाही. आत तो सेन्सर आहे, त्याच्यापुढे हात धरायचा. हात लावायचासुद्धा नाही, नुसता धरायचा. निळा दिवा हिरवा होतो आणि दार सुटतं."

"हात आला हे त्याला कळतं कसं?"

"त्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश बाहेर पडतो. हातावर आपटून परत आला की त्याला कळतं."

"म्हणजे हिरवा दिवा 'दार सुटलं' असं म्हणत नाही. 'मला हात दिसतोय' असं म्हणतो."

"हो," क्षिप्रा म्हणाली. तिने त्याचा असा विचार केला नव्हता.

मॅडम प्रत्येक यंत्रापाशी थांबत होत्या. कार्डाचे डबे, वजनकाटा, पंख्याचा बोर्ड, क्रेट उचलायची गाडी. कालच्या पूजेचं हळदकुंकू सगळ्यांवर तसंच होतं, वाळून तडकलेलं. झेंडूची एकेक माळ.

सात नंबरचं दार क्रेट लावून उघडं ठेवलेलं होतं. आत पिकत्या केळ्यांचा गोडसर वास भरला होता. त्या वासात आणखी एक वास होता, कपडे धुवायच्या साबणाचा. दाराच्या आतल्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, पत्र्यात चार भोकं होती, पांढऱ्या लांबीच्या लगद्याने बुजवलेली. मॅडमनी त्यांवरून बोट फिरवलं.

"इथे काय होतं?"

"दांडा. ढकलला की चुंबकाची वीजच तुटायची. हमालांच्या ढकलगाड्या त्याला लागून दार सारखं उघडायचं, वायू निसटायचा. म्हणून उन्हाळ्यात सगळ्या दारांचे काढले. यशराज सर म्हणाले, सेन्सर आहे ना."

मॅडम सेन्सरपुढे उभ्या राहिल्या. वाटीएवढा काळा डबा. चकचकीत. निळा दिवा शांत जळत होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"सगळ्या यंत्रांना हळदकुंकू आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "वजनकाट्याला आहे, त्या गाडीला आहे, बाहेरच्या डब्याला आहे. याच्यावर एवढा राग का? यालाच नाही लावलं?"

"लावलं होतं," क्षिप्रा म्हणाली.

आणि आपलेच शब्द कानावर पडले तशी ती डब्याकडे वळली.

ऑफिसात ती एकटीच मुलगी. तबक दर वर्षी तिच्याच हाती यायचं. काल ती सात नंबरशी आली तेव्हा दार असंच क्रेट लावून उघडं होतं. ती पुढे निघाली, तर ज्ञानू म्हणाला, "आतल्याला बी लाव की. त्योच तर आमाला भायेर सोडतो. भरून लाव." तिने हसून बोटं बुडवली होती. आधी हळद, मग कुंकू, वर अक्षता. ओलं, जाड. त्या काळ्या काचेच्या बरोबर मधोमध.

५

"परत आलेला प्रकाश दिसला की त्याला वाटतं हात आला," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण दुसरीकडून येत असल्यासारखा. "एकदा दार सोडतो. मग तो हात जायची वाट बघतो. हात गेल्याशिवाय नवा हात मोजत नाही. काल दार उघडंच होतं, एकदा सुटलं ते कोणाला कळलंच नाही. आणि नंतर..."

"नंतर तो हात गेलाच नाही," मॅडम म्हणाल्या.

"मी केलं हे."

मॅडमनी तिच्या दंडाला धरून तिला बाहेर आणलं. "हे नुसतं डोक्यात बरोबर वाटतंय. करून बघितल्याशिवाय मी काहीच मानत नाही, तूही मानू नकोस. तबक आण. आणि हौसेरावांना बोलाव."

हौसेराव आले. मागून यशराज आणि केयूरही आले. मॅडमनी यशराजकडचं कार्ड मागून घेतलं. "तुम्ही दोघे आत जा," त्या हौसेरावांना आणि क्षिप्राला म्हणाल्या. "मी बाहेर आहे. दार मी उघडीन, पण लगेच नाही."

"बाई, ह्यो कसला पोरखेळ?" हौसेराव म्हणाले. तरी ते आत गेले. क्रेट सरकला. दार चिकटल्याचा जड आवाज झाला आणि अंधार झाला. निळ्या दिव्याचा तेवढा ठिपका उरला.

"आधी हात धरून बघा, काका," क्षिप्रा म्हणाली.

त्यांनी धरला. हिरवा दिवा, टक, दार सुटलं. त्यांनी ते परत ओढून घेतलं. "चांगलं तर हाय."

क्षिप्राने अंधारात तबकात बोटं बुडवली. हळद मनगटावर ओघळली. तिने डबा चाचपला आणि काल लावलं होतं तसं लावलं. भरून. टक. चुंबक सुटला, हौसेराव वळेपर्यंत परत चिकटला. दिवा हिरवा झाला होता. तो हिरवाच राहिला.

"आता धरा."

हौसेरावांनी हात धरला. काढला. पुन्हा धरला. त्या हिरव्या उजेडात त्यांचा पंजा तिला स्पष्ट दिसत होता, जाड, बाजारात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाचा. त्यांनी दार ढकललं. खांदा लावला. मग दोन्ही मुठींनी दारावर मारलं. पत्र्याने आवाज गिळून टाकला. बाहेरून काहीच आलं नाही.

"बाई," त्यांनी हाक मारली. "सुनीतीबाई, उघडा आता."

कोणी उघडलं नाही. केळ्यांचा वास दाट होत चालला, की तिला तसं वाटलं. हौसेरावांचा श्वास मोठा होऊ लागला. बाहेर यशराज आहे, आणि मॅडमच्या हातातलं कार्ड तो हिसकावू शकतो, हा विचार तिच्या मनात आला आणि जाईना.

"पोरी," हौसेराव अंधारात म्हणाले, "त्यो असाच बसला असंल का गं?"

मग दार उघडलं.

६

हौसेराव बाहेर आले ते तडक स्टुलावर बसले. कपाळावर घाम होता. कोणीतरी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही, नुसतं हातात धरलं.

"म्हणजे कुंकवाने झालं?" यशराज म्हणाला. "कमाल आहे. कोणाच्या लक्षातच..."

"तुमच्या आलं होतं," मॅडम म्हणाल्या. "चहाबरोबर लिंबू ठेवता ना इथे? एक फोड द्या मला कोणीतरी."

फोड आली. मॅडमनी यशराजची उजवी बाही धरली आणि तांबूस डागावर लिंबू पिळलं. डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पालटला. कडेकडेने, मग मधे. स्वच्छ पिवळा.

"रक्त पिवळं होत नाही," मॅडम म्हणाल्या. "हळद होते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे धुणं धुणारं कोणीही सांगेल. आंबट लावलं की परत पिवळा. ज्ञानूच्या हातांना खरचटलेलंसुद्धा नाही, मी बाळाबाईंना विचारलं. काल तुम्ही पूजेला नव्हतात. आज सकाळी सगळे टेम्पोमागे धावले तेव्हा तुम्ही एकटे इथे मागे राहिलात. सगळ्या यंत्रांवर हळदकुंकू आहे, पुसलेलं आहे ते फक्त याच्यावरचं. साबण लावून. का पुसलंत?"

यशराज बाहीकडे बघत राहिला.

"मी सांगतो," केयूर एकदम म्हणाला. त्याचा मऊपणा गेला होता. "काच झाकली तर हे अडकतं, हे आमच्या सूचनांतच आहे. आतला दांडा काढू नका, हेही आहे. मी बसवताना यांना सांगितलं होतं. आज आल्या आल्या ती चार भोकं मी बघितली. मला बोलायला पाहिजे होतं."

"मग बोलला का न्हाईस?" हौसेरावांनी विचारलं.

"तुमच्या नव्या वखारीची ऑर्डर यायची होती."

"काका," यशराज म्हणाला, "मी मुद्दाम नाही हो केलं काही. डबा कुंकवाने भरलेला दिसला आणि मला कळलं. आता सगळे विचारणार, दांडा कुठे गेला. दांडा मी काढला होता. माझ्या हातून पुसलं गेलं. मग हिचं ते टूल डोक्यात आलं. तसंही सगळे त्याच्यावर बंदी आणा म्हणतच होते. कोणाला पटायला वेळ लागला नसता."

"लागलाही नाही," मॅडम म्हणाल्या.

हौसेराव उठले. पुतण्याकडे न बघता ते म्हणाले, "तू घरी जा. पोलीस आलं की मी बोलवीन." मग ते बोळातल्या माळा घातलेल्या यंत्रांकडे वळले. "आन उद्यापास्नं वखारीत पूजा बंद. हळद न्हाई, कुंकू न्हाई. समदं बंद. पुन्हा असं व्हाया नको."

केयूरने मान डोलावली. बाकीच्यांनीही.

"काका," क्षिप्रा म्हणाली, "दुपारी टकटक बंद करणार होतात. आता पूजा बंद करताय. दोन्ही बंद केलंत तरी उद्या त्या काचेवर केळ्याचं साल बसेल, नाहीतर धूळ. आत माणूस असेल आणि दांडा नसेल. टकटकचं काय ते मलाही नक्की माहीत नाही. त्याचा कोणी वाईट उपयोग करणारच नाही, असं मी म्हणणार नाही. पण आज ते नसतं तर यशराज सरांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं, आणि ही भोकं तशीच राहिली असती."

हौसेरावांनी दारावरच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "पर त्या डब्याला कुंकू लावलं कुनी?"

मॅडम लगेच म्हणाल्या, "दार का उघडलं नाही, एवढंच सांगायला मला नेमलंय. हात कोणाचा, ते नाही." आणि त्यांनी क्षिप्राकडे अजिबात बघितलं नाही.

वाट मोकळी होती. फाटकाचं कुलूप आता कोणीही काढून दिलं असतं. रिक्षा करून ती अर्ध्या तासात घरी पोचली असती. ज्ञानूशिवाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्ञानू सांगणार नाही, याची तिला खात्री होती. 'तिला विचारा' म्हणताना त्याच्या मनात आरोप नव्हताच. दारांचं कळतं ते तिला, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

"मी लावलं," ती म्हणाली. "तबक माझ्या हातात होतं. पोलिसांना तेही लिहून देईन. पण त्या कागदावरचं नाही. माझ्या शब्दांत."

हौसेराव तिच्याकडे बघत राहिले.

"दांडे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"भंगारात. मागल्या खोलीत."

काढलेले दांडे सापडले. वखारीचा वायरमन आला, त्याने लांबी खरवडली, पहिला दांडा सात नंबरला बसवला, वीज जोडली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. फाटकाशी पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज आला.

क्षिप्रा चेंबरात शिरली. "दार लावा," ती म्हणाली.

कोणी पुढे येईना. वायरमनने पकडीवरची माती झटकली. केयूर जमिनीकडे बघत होता.

"काका, लावा."

हौसेरावांनी दार लावलं. अंधार झाला. तिने सेन्सरकडे बघितलं नाही. क्षणभर तिला वाटलं की हात उचलणारच नाही, ती इथेच उभी राहील, पाठ दाराला लावून, खाली खाली घसरत. मग तिने दोन्ही तळवे दांड्यावर ठेवले आणि अंगाचा सगळा भार टाकला.

दार उघडलं. समोर हौसेराव होते आणि त्यांच्या मागे दोन पोलीस.

"आता आठ नंबर," ती वायरमनला म्हणाली. "माझं यांच्याशी बोलून होईपर्यंत बसवून ठेवा. बघायला मीच आत जाणार आहे."